गावं रिकामी करण्यामागचं राजकारण : कसं ओळखायचं, कसं सिद्ध होतं, परतीचं काय होतं (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

सीमारेषा

मार्च १९९५ मध्ये बोस्नियातल्या सर्ब नेतृत्वाने आपल्या सैन्याला 'निर्देश क्रमांक ७' दिला. स्रेब्रेनित्सा आणि झेपा या वेढलेल्या भागांतल्या रहिवाशांना पुढे जगण्याची आशाच उरणार नाही, अशी असह्य असुरक्षितता निर्माण करा, असं त्यात लिहिलं होतं. त्याच कागदातली दुसरी सूचना मला जास्त महत्त्वाची वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या तुकड्यांची रसद आणि लोकांना मिळणारी मदत आटवत न्यायची, पण परवाने कमी-कमी देऊन, कुणाच्या डोळ्यावर येणार नाही अशा बेताने. चार महिन्यांनी स्रेब्रेनित्सा पडलं. सुमारे ८,००० पुरुष आणि मुलगे मारले गेले. २५ ते ३० हजार बायका, मुलं आणि म्हातारी माणसं बसमध्ये भरून बाहेर नेली गेली.

सगळंच विस्थापन असं आखलेलं नसतं. गोळे पडायला लागले की माणसं पळतात, त्यामागे कुणाचा हुकूम लागत नाही. पण जिथे लोकांनी निघून जावं हीच कुणाची तरी गरज असते, तिथे तीन वेगळे प्रकार दिसतात आणि चर्चेत त्यांची सरमिसळ होते.

एक, हुसकावणं. विशिष्ट ओळखीचे लोक त्या जमिनीवर नकोच असतात, कायमचे. बोस्निया, १९९९ चं कोसोव्हो, २०१७ चं म्यानमारमधलं राखाइन. दोन, रिकामं करणं. लोक कोण आहेत याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. बंडखोरांना धान्य, आसरा आणि बातमी मिळू नये म्हणून मुलूखच ओसाड करायचा. तीन, एकवटणं. लोकांना उचलून तारेच्या कुंपणात, पहाऱ्याखाली वसवायचं.

तिन्हींत घरं जळताना दिसतात. म्हणून धुराकडे बघून प्रकार कळत नाही. लोक कुठे नेले, त्यांच्या कागदांचं काय केलं आणि मागे उरलेल्या जमिनीवर कोण आलं, हे तीन प्रश्न आधी विचारावेत असं माझं मत आहे. इथे या विषयाचे जाणकार आहेत, त्यांनी भर घालावी.

दप्तरदार

कागदांच्या मुद्द्यावर लिहितो, कारण सर्वात पक्का पुरावा तिथेच सापडतो.

वायव्य बोस्नियातलं प्रियेदोर घ्या. ३० एप्रिल १९९२ ला सर्ब पक्षाने नगरपालिकेचा ताबा घेतला. पहिली पायरी नोकरीवरून काढण्याची. ३१ मे ला बिगर-सर्बांनी घरांवर पांढरं कापड लावावं आणि बाहेर पडताना दंडाला पांढरी पट्टी बांधावी, असा हुकूम निघाला. ओमार्स्का, केराटेर्म आणि त्र्नोपोल्येच्या छावण्या त्याच सुमाराच्या, मे अखेरच्या. मग उरलेल्यांना 'जाऊ देण्याची' पाळी आली आणि इथे नगरपालिका कामाला लागली. वायव्य बोस्नियात अनेक ठिकाणी बाहेर पडायला परवानगी लागायची, आणि ती मिळवण्यासाठी आपण स्वखुशीने जातोय व मालमत्ता नगरपालिकेला सोडतोय असं लिहून द्यावं लागायचं. दिसायला साधं संमतिपत्र. प्रत्यक्षात बाहेर बंदूकधारी उभे आणि दुसरी वाट नाही.

कोसोव्होत कागद लिहून घेतले नाहीत, हिसकावले. १९९९ च्या मार्च ते जूनमध्ये सुमारे साडेआठ लाख अल्बेनियन सीमेपार ढकलले गेले. अनेकांची ओळखपत्रं, पासपोर्ट आणि गाड्यांच्या नंबरप्लेटसुद्धा सीमेवर काढून घेतल्या. नंबरप्लेट घेण्याला लष्करी दृष्टीने काही अर्थ नाही. उद्या परत आलेला माणूस इथला होता हेच सिद्ध होऊ नये, एवढाच तिचा उपयोग.

म्यानमारमध्ये तर कागद आधीच गेले होते. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने बहुसंख्य रोहिंग्या नागरिक उरलेच नाहीत. २५ ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून जास्त माणसं बांगलादेशात गेली. त्यांना परतीसाठी 'पूर्वी इथे राहत होतो' याचा पुरावा मागणं म्हणजे आधी काढून घेतलेली वस्तू परत मागणं.

तेव्हा क्रम बघावा. नोंदी, नोकऱ्या आणि रेशन यांत फेरफार आधी आणि हल्ला नंतर असेल, तर 'लढाईच्या धुमश्चक्रीत झालं' हा बचाव टिकत नाही.

अनघा२१

दप्तरदार, तिसऱ्या प्रकारात कागद कसे असतात? तिथे तर सरकार 'संरक्षणासाठी नेलं' असंच म्हणतं.

दप्तरदार

@अनघा२१, तिथेही संमतीचाच कागद असतो. मिझोरममध्ये १९६७ पासून गावं उचलून सिल्चर-ऐझॉल-लुंगलेई रस्त्याच्या कडेला 'संरक्षित आणि प्रगतिशील खेडी' वसवली गेली. एका लष्करी अधिकाऱ्याचं नंतर प्रसिद्ध झालेलं कथन आहे. गावच्या प्रमुखाकडून बळजबरीने लिहून घेतलं होतं की गावकऱ्यांनी स्वतःहून स्थलांतर मागितलं आणि घरंही त्यांनीच जाळली. प्रियेदोरपेक्षा हेतू वेगळा, कागदाची जात तीच.

खडकमाळ

एकवटण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. याला 'यशस्वी' नमुना म्हणून अजूनही मिरवलं जातं, ते मला फार खटकतं.

क्युबात १८९६ पासून स्पॅनिश सेनापती वेलरने हे केलं. दक्षिण आफ्रिकेत १९०० ते १९०२ मध्ये ब्रिटिशांनी शेतघरं जाळून बोअर कुटुंबांना छावण्यांत टाकलं. तिथे सुमारे २८,००० बोअर मेले आणि त्यांत बहुसंख्य मुलं होती. काळ्या लोकांच्या छावण्या वेगळ्या, तिथल्या मृत्यूंची नोंदही धड ठेवली गेली नाही. मरण बंदुकीने आलं नाही, गोवर, हगवण आणि उपासमारीने आलं. विखुरलेली माणसं अचानक एका जागी दाटीने आणली, पाणी, संडास आणि दूध यांची सोय न करता, की हे ठरलेलंच.

मलायात १९५० च्या ब्रिग्ज योजनेने सुमारे ५ लाख लोक 'नव्या खेड्यांत' हलवले, बहुतेक जंगलाच्या कडेने राहणारे चिनी. पुढचा भाग अन्नावर ताबा ठेवण्याचा होता. तांदळाचं रेशन मोजून, काही भागांत तांदूळ एकत्र शिजवूनच वाटायचा म्हणजे साठवता येऊ नये, आणि डबाबंद अन्न विकताना दुकानदाराने डब्याला भोक पाडून द्यायचं म्हणजे ते जंगलात पोहोचेपर्यंत नासावं. केनियात १९५४ नंतर सुमारे १० लाख किकुयू, अल्जीरियात फ्रेंचांनी २० लाखांहून जास्त. आकडा वाढत गेला तशी सोय घटत गेली.

बिघडतं कुठे, तर शेतीत. फिरत्या शेतीवर जगणाऱ्याला रस्त्याकडेला आणलं की त्याचं शेत दोन-तीन तासांच्या चालीवर पडतं. वर संचारबंदी. म्हणजे उजाडल्यावर निघायचं आणि दिवस मावळायच्या आत परत. राखण करायला रात्री थांबता येत नाही, पीक रानडुकरं आणि पाखरं खातात. दुसऱ्या हंगामात माणूस रेशनवर येतो. ज्याने रेशन द्यायचं त्याच्याच हातात नाडी. मिझोरममध्ये हेच झालं. काहींच्या मते हाच मूळ हेतू होता आणि मला ते पटतं.

अजून एक काम हे डावपेच करतात, ज्याकडे कमी लक्ष जातं. निवड. सरकारला कळत नसतं की गावात आपला कोण आणि त्यांचा कोण. मग हुकूम काढायचा: अमुक तारखेपर्यंत छावणीत या. आला तो आपला, राहिला तो शत्रू. म्हातारी आई हलू शकत नाही म्हणून मागे राहिलेला, उभं पीक सोडवेना म्हणून राहिलेला, सगळे एका फटक्यात शत्रू. २००५ नंतर दंतेवाड्यात सलवा जुडूम या सरकारी पाठिंब्याच्या माओवादविरोधी मोहिमेच्या काळात हाच हिशेब चालला. सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ ला ती व्यवस्था घटनाबाह्य ठरवली, पण तोवर गावं फुटलेली होती.

कलम४९

कायद्याची बाजू.

१९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम ४९ व्याप्त प्रदेशातल्या लोकांची सक्तीची हलवाहलव बंद करतं. तात्पुरतं हलवायला दोनच कारणं चालतात: लोकांची सुरक्षितता किंवा अटळ लष्करी गरज. तिथेही अटी आहेत. राहायची नीट सोय, आरोग्य, अन्न, कुटुंबाची ताटातूट नाही, शक्यतो त्याच प्रदेशाच्या आत, आणि त्या भागातली लढाई थांबताच परत आणणं. देशांतर्गत युद्धासाठी १९७७ च्या दुसऱ्या जादा प्रोटोकॉलचं कलम १७ आहे.

म्हणून 'भाग खाली करा' असा आदेश आला की विचारायचं: किती तासांची मुदत? ज्यांना चालता येत नाही त्यांचं काय? जायचा रस्ता आणि पोहोचायची जागा दोन्ही सुरक्षित आहेत का? तिथे पाणी, छप्पर, डॉक्टर आहेत का? परतीबद्दल लेखी काही आहे का? आणि सर्वात बोलका प्रश्न: लोक गेल्यावर त्यांची घरं पाडली जातायत का? परत आणायचं असतं त्याला घरं पाडायची गरज नसते.

'सक्ती' म्हणजे मानगूट धरून बसमध्ये घालणंच असं नाही. धाक, हिंसेची भीती, वेढ्यातली उपासमार यांमुळे खरा पर्यायच उरला नसेल, तर तीही सक्ती, असं तिथल्या युद्धगुन्ह्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाने पुनःपुन्हा सांगितलं. आणखी एक उपयोगी निकाल प्रियेदोरचा तेव्हाचा नगरप्रमुख स्ताकिच याच्या खटल्यातला, अपील पीठाचा, २००६ चा: कायमचं घालवण्याचा हेतू सिद्ध करावा लागत नाही. 'आम्ही त्यांना नंतर परत घेणारच होतो' ही पळवाट त्याने बंद झाली.

भेद एक लक्षात ठेवा. सीमा ओलांडायला लावली तर हद्दपारी, देशाच्या आत असेल तर सक्तीचं स्थानांतर. हा भेद रोहिंग्यांच्या कामी आला. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्यातून उभं राहिलं त्या रोम संविधीचा म्यानमार सदस्य नाही, बांगलादेश आहे. हद्दपारीचा गुन्हा सीमेच्या पलीकडे पाऊल पडल्यावरच पुरा होतो, म्हणजे त्याचा एक भाग बांगलादेशात घडला. या आधारावर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये अधिकारक्षेत्र मान्य केलं आणि १४ नोव्हेंबर २०१९ ला तपासाला परवानगी दिली. तीच माणसं राखाइनच्या आतच दुसऱ्या जिल्ह्यात ढकलली असती तर हा दरवाजा उघडला नसता.

अनघा२१

मग क्रोएशियाचे जनरल गोतोविना सुटले कसे? क्रोएशियातल्या क्रायिना भागातून तर दीड-दोन लाख सर्ब गेले.

कलम४९

चांगला प्रश्न, आणि निकाल अस्वस्थ करणारा आहे.

ऑगस्ट १९९५ मध्ये क्रोएशियाच्या 'ऑपरेशन स्टॉर्म'मध्ये क्निन, बेन्कोवाच, ओब्रोवाच आणि ग्राचाच या चार गावांवर तोफा डागल्या गेल्या. खटला चालवणाऱ्या पीठाने २०११ मध्ये एक मोजमाप धरलं: ज्ञात लष्करी लक्ष्यापासून २०० मीटरच्या बाहेर पडलेला गोळा म्हणजे नागरी वस्तीवर मुद्दाम टाकलेला. त्यावरून बेकायदा मारा, त्यावरून लोकांना पळवण्याची संयुक्त योजना, त्यावरून २४ वर्षांची शिक्षा. नोव्हेंबर २०१२ मध्ये अपील पीठाने ३ विरुद्ध २ मतांनी सगळं उलटवलं. २०० मीटर हा आकडा कोणत्याच साक्षीपुराव्यातून आलेला नव्हता. तो निघाला आणि त्यावर उभा असलेला उरलेला डोलारा कोसळला.

अल्पमतातल्या न्यायाधीशांनी याला कडाडून विरोध केला आणि माझ्या मते त्यांचं म्हणणं वजनदार होतं. पण पुरावा गोळा करणाऱ्याने यातून घ्यायचं ते हे की तोफखान्याच्या आदेशाची नोंद, लक्ष्यांची यादी, खड्ड्यांची मोजणी आणि लोक निघाल्याची वेळ यांपैकी प्रत्येक गोष्ट स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे.

आकडेमोड

लोक निघाल्याची वेळ, यावर कोसोव्होचं काम बघण्यासारखं आहे. बेलग्रेडचं, म्हणजे युगोस्लाव्ह सरकारचं, म्हणणं होतं की लोक नाटोच्या बॉम्बमुळे किंवा बंडखोरांमुळे पळाले. संख्याशास्त्रज्ञ पॅट्रिक बॉल यांनी अल्बेनियाच्या सीमेवरच्या नोंदी आणि निर्वासितांच्या मुलाखतींवरून दिवसवार, भागवार बहिर्गमन काढलं आणि बॉम्बहल्ल्यांच्या व बंडखोरांच्या हालचालींच्या तारखांशी ताडून पाहिलं. बॉम्बहल्ले आणि पलायन यांचा मेळ बसेना. मात्र हत्या आणि पलायन एकत्रच वर-खाली होत होते, त्याच जागी, त्याच दिवसांत. ६-७ एप्रिलच्या सुमारास युगोस्लाव्ह बाजूने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केल्यावर दोन्ही खाली आले. हे युगोस्लाव्हियाचे तेव्हाचे अध्यक्ष मिलोशेविच यांच्या खटल्यात साक्ष म्हणून मांडलं गेलं.

मर्यादाही लिहितो. सीमेच्या एका नाक्यावरची नोंद म्हणजे सगळे लोक नव्हेत. निघाल्याची तारीख आणि सीमेवर पोहोचल्याची तारीख यांत वाटेतले दिवस असतात आणि ते भागागणिक बदलतात. वाटेत मेलेले नोंदीत येतच नाहीत. आणि दोन गोष्टी एकत्र वाढल्या म्हणून कुणी हुकूम दिला हे सिद्ध होत नाही, फक्त दुसरी कारणमीमांसा कमजोर पडते.

तसंच २०२४ अखेरचा जागतिक आकडा, १२ कोटी ३२ लाख सक्तीने विस्थापित, या चर्चेत जपून वापरावा. त्यात मुद्दाम हुसकावलेले आणि गोळीबारातून पळालेले एकत्रच आहेत.

अनघा२१

मदत करणाऱ्या संस्थांनी मग काय करावं? बस दिली तर हुसकावण्यात हात, नाही दिली तर माणसं मरणार.

खडकमाळ

बस द्यावीच लागते. ज्याच्या दारात बंदूकधारी उभा आहे त्याला 'तत्त्वासाठी थांबा' सांगण्याचा हक्क बाहेरच्याला नाही. पण कशी द्यायची यावर बरंच अवलंबून असतं.

सीरियात होम्सचं जुनं शहर फेब्रुवारी २०१४ मध्ये खाली करताना १५ ते ५५ वयाच्या पुरुषांना बाजूला काढून त्यांची चौकशी झाली. पुढे दाराया (ऑगस्ट २०१६), पूर्व अलेप्पो (डिसेंबर २०१६), 'चार गावांचा' करार (एप्रिल २०१७), पूर्व घूता (२०१८) अशी हिरव्या बसची मालिकाच झाली. क्रम तोच: वेढा, उपासमार, दवाखान्यांवर हल्ले, मग 'समेट' आणि बस. अलेप्पोच्या करारात लोकांच्या सुरक्षिततेची किंवा अटळ लष्करी गरजेची अट पुरी होत नव्हती, म्हणून तो सक्तीच्या विस्थापनाचा युद्धगुन्हा आहे, असा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने मार्च २०१७ मध्ये काढला. आणि चार गावांच्या वेळी सरकारकडच्या फुआ आणि केफ्राया गावांतून निघालेल्या बसवर १५ एप्रिल २०१७ ला राशिदीनमध्ये बॉम्बस्फोट होऊन शंभराहून जास्त माणसं मेली, त्यांत कित्येक मुलं. म्हणजे ताबा कोणाचाही असो, थांबवून ठेवलेली बस हेच लक्ष्य बनतं.

म्हणून: प्रत्येक कुटुंबाला सैनिकांच्या नजरेआड विचारायचं की जायचंय की राहायचंय, आणि उत्तर लिहून ठेवायचं. स्वतःच्या कुठल्याही अहवालात 'स्वेच्छेने' हा शब्द वापरायचा नाही. पुरुष वेगळे काढले तर त्यांची नावं, जागा आणि वेळ तत्काळ नोंदवायची आणि शक्य तिथे त्यांच्याबरोबर माणूस ठेवायचा. स्रेब्रेनित्साजवळच्या पोटोचारीत पुरुष वेगळे केले जात होते तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे डच सैनिक बघत होते. प्रवाशांच्या यादीची प्रत कोणत्याही लढणाऱ्या पक्षाला द्यायची नाही, कारण तीच पुढे अटकेची यादी होते. परतीचा हक्क आणि घरं न पाडण्याची हमी करारात लेखी मागायची. नाकारली तरी मागितल्याची नोंद उरते.

दप्तरदार

परतीबद्दल. इथे बोस्नियाचा अनुभव सर्वात खोल आहे.

बोस्नियाचं युद्ध संपवणाऱ्या १९९५ च्या डेटन कराराच्या परिशिष्ट ७ ने लोकांना 'आपल्या मूळ घरी' परतण्याचा हक्क दिला. निव्वळ परत येण्याचा नव्हे, त्याच घराचा. पहिली काही वर्षं काहीच हललं नाही, कारण घरात दुसऱ्या बाजूचे विस्थापित बसवलेले आणि नगरपालिका हुसकावणाऱ्यांच्याच हातात. १९९९ पासून नियम बदलले. दावा करणाऱ्याने का गेलो हे सांगायचं नाही, फक्त युद्धाआधी घर माझं होतं हे दाखवायचं. ताबा सोडायला साधारण ९० दिवस. ज्याच्याकडे दुसरं घर आहे त्याला पर्यायी जागा नाही. दावे आलेल्या क्रमानेच निकाली काढायचे, म्हणजे ओळखीच्याची फाइल वर सरकणार नाही. आणि अडवणाऱ्या २२ अधिकाऱ्यांना नोव्हेंबर १९९९ मध्ये एका दिवसात काढलं. दोन लाखांहून जास्त दाव्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या वर निकाली निघाले.

तरी लोकसंख्येचा नकाशा बराचसा युद्धाने आखला तसाच राहिला. घर मिळालं, नोकरी नाही. शाळेत मुलांना दुसऱ्यांचा इतिहास. चौकीवर तेच पोलीस. कित्येकांनी चावी घेतली आणि घर विकलं. घर परत देणं आणि माणूस परत येणं या दोन वेगळ्या योजना लागतात, पैसा आणि देखरेखही वेगळी.

सीरियाने याच्या उलट केलं. २ एप्रिल २०१८ चा कायदा क्र. १० असा की पुनर्विकासाचा भाग जाहीर झाला की ३० दिवसांत मालकी सिद्ध करा. देशाबाहेर पळालेल्याला ते अशक्य. नातेवाइकाला अधिकारपत्र द्यायचं तर त्याला सुरक्षा यंत्रणेची मंजुरी लागायची. ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये मुदत एक वर्ष केली, मंजुरीची अडचण तशीच राहिली.

कोलंबियाचा २०११ चा कायदा १४४८ अभ्यासण्याजोगा आहे. १ जानेवारी १९९१ नंतर जमीन गमावलेल्याने ताबा आणि विस्थापन प्राथमिकरीत्या दाखवलं की सिद्धतेचं ओझं सध्याच्या ताबेदारावर जातं. त्याला दाखवावं लागतं की घेताना पूर्ण चौकशी केली होती आणि हिंसेची कल्पना येणं शक्य नव्हतं. मुदत २०३१ पर्यंत वाढवली आहे. दावेदारांच्या हत्या होत राहिल्या, हा त्यातला सर्वात दुखरा भाग. न्यायालय निकाल देतं, पण गावात रात्री कोण पहारा देणार?

अनघा२१

एखाद्या भागात हे चालू आहे असं दिसलं तर दूरवरून काय नोंदवता येतं?

आकडेमोड

आगीच्या नोंदी आणि उपग्रहचित्रं. नासाच्या फर्म्स सेवेवर आगीचे ठिपके रोज मिळतात, पण एक ठिपका ३७५ मीटर किंवा १ किलोमीटरचा असतो, म्हणून त्यावरून 'घर जळलं' म्हणता येत नाही, फक्त कुठे बघायचं ते कळतं. मग सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची मोफत चित्रं: १० मीटर तपशील, साधारण पाच दिवसांनी एक. राखाइनमध्ये ऑगस्ट-सप्टेंबरचे ढग आडवे आले, म्हणून कित्येक गावांची जळण्याची नेमकी तारीख निघाली नाही, फक्त 'या दोन चित्रांच्या मधे' एवढंच. तरीही एकाच गावातली रोहिंग्या वस्ती जळालेली आणि शेजारची राखाइन वस्ती शाबूत, हे स्पष्ट दिसलं. वणवा अशी निवड करत नाही. पुढे २०१७ च्या अखेरीपासून किमान ५५ गावांवर बुलडोझर फिरले, म्हणून आधीची चित्रं ताबडतोब उतरवून ठेवणं महत्त्वाचं होतं.

लोकांनी पाठवलेली चित्रफीत असेल तर मूळ फाइलच मागा. संदेश-ॲपमधून आलेल्या प्रतीत वेळ आणि जागेची माहिती गळून जाते. मिळाल्या क्षणी तिचा हॅश (फाइल बदलली की बदलणारा अंकीय ठसा) काढून वेगळ्या जागी लिहा, काम नकलेवर करा. पाठवणाऱ्याचं नाव फाइलच्या नावात कधीही ठेवू नका. आणि साक्षीदाराला एकदाच, नीट, प्रशिक्षित माणसाने विचारावं. पाच संस्थांनी पाचदा विचारलं की पाच तारखा येतात, आणि बचावाचा वकील त्या पाचही न्यायालयात वाचून दाखवतो.